४२९४९६७२९७ : मूळ भासणारी संयुक्त संख्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: ४२९४९६७२९७ ही संख्या मूळ आहे की संयुक्त, तिचे विभाजक कोणते, आणि संख्यांच्या निरनिराळ्या वर्गांपैकी ती कशाकशात बसते? सोबत एक अडचणही मांडली आहे. एका प्रोग्रॅमने ही संख्या 'बहुधा मूळ' ठरवली, दुसऱ्याने संयुक्त. मग खरं कोणाचं?

आधी उत्तर देऊन टाकतो. संख्या संयुक्त आहे.

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

हे दोन्ही अवयव मूळ आहेत, त्यामुळे विभाजक चारच: १, ६४१, ६७००४१७ आणि ती संख्या स्वतः. पहिल्या प्रोग्रॅमने बहुधा पाया २ घेऊन चाचणी केली असावी. ती चाचणी एरवी चांगली आहे, पण नेमकी याच संख्येपुढे ती काहीच सांगू शकत नाही. का, ते पुढे येईलच. त्यासाठी ही संख्या कशी बनली आहे ते आधी पाहू, कारण तिचे बहुतेक सगळे गुणधर्म तिच्या बांधणीतूनच निघतात.

शाळेतल्या विभाज्यतेच्या कसोट्या लावल्या तर हाती फारसं लागत नाही. एककस्थानी ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ आणि ९ बाद. एकाआड एक अंकांच्या बेरजा २१ आणि ३८, त्यांतला फरक १७, म्हणून ११ बाद. पुढे ७, १३, १७ असं एकेकाने भागत जायचं तर वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे आणि त्याच्या आत साडेसहा हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत. संगणकाला हे क्षणाचं काम आहे. पण अशा भागाकारातून फक्त निकाल हाती येतो, ६४१ च का, हे त्यातून कळत नाही.

आता दशमान पद्धत सोडा आणि संख्या द्विमान पद्धतीत लिहा. आधी १, मग ३१ शून्यं, शेवटी १. म्हणजेच

४२९४९६७२९७ = २^३२ + १

(२^३२ म्हणजे २ चा ३२ वा घात, पुढेही असंच लिहितो.) द्विमान पद्धतीत ती उलट-सुलट सारखीच वाचली जाते, आणि १ हा अंक तिच्यात दोनदाच येतो. अंकांवर उभी असलेली वर्गीकरणं मी इथेच थांबवतो. पाया बदलला की ती बदलतात, आणि विभाजकांबद्दल ती क्वचितच काही सांगतात. '२^३२ + १' हे रूप मात्र फार काही सांगतं.

घातांक ३२ हा स्वतः २ चा घात आहे. २^१+१, २^२+१, २^४+१, २^८+१, २^१६+१ अशी घातांक दरवेळी दुप्पट करत जाणारी ही रांग आहे: ३, ५, १७, २५७, ६५५३७. या पाचही संख्या मूळ आहेत. १६४० च्या सुमारास पिएर द फर्मा याने आपल्या पत्रांतून असं मत मांडलं की या रांगेतली प्रत्येक संख्या मूळ असते. म्हणून यांना फर्मा संख्या म्हणतात. शून्यापासून क्रमांक दिले तर आपली संख्या पाचवी, आणि फर्माचं म्हणणं पहिल्यांदा इथेच कोसळतं. १७२९ मध्ये गोल्डबाखने पत्रातून या विधानाकडे ऑयलरचं लक्ष वेधलं, आणि १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ हा विभाजक दाखवला.

ऑयलरची रीत समजून घेण्याजोगी आहे. समजा, प ही मूळ संख्या २^३२ + १ ला भागते. मग २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१ मानता येते, आणि वर्ग केला की २^६४ ची बाकी १ येते. २ चे घात ओळीने घेऊन प ने भागत गेलात तर बाक्या चक्राकार फिरतात. बाकी १ आली की तीच रांग पुन्हा सुरू होते. इथे चक्राची लांबी ६४ ला भागते, पण ३२ ला भागत नाही, कारण ३२ व्या घाताला बाकी १ नसून −१ आहे. असा एकच आकडा आहे, तो म्हणजे ६४. आणि फर्माचाच छोटा सिद्धांत सांगतो की अशा चक्राची लांबी प − १ ला नेहमी भागते. तेव्हा प ही ६४क + १ या रूपाचीच असणार.

साडेसहा हजार उमेदवार होते, ते एका फटक्यात किती उरले पाहा. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ या यादीतल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पहिल्या चारांनी भागल्यावर बाक्या अनुक्रमे १०९, २, ३२५ आणि २८८ येतात. पाचव्या भागाकाराला बाकी शून्य. हे काम कागदावर अर्ध्या तासात होतं. मला यातली सर्वांत लक्षणीय बाब ही वाटते की चाळणी तयार झाली ती फर्माच्याच सिद्धांतातून.

पुढे १८७८ मध्ये लुकासने ही चाळणी आणखी बारीक केली. प ला ८ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून प च्या बाक्यांमध्ये अशी एक बाकी सापडतेच की जिच्या वर्गाची बाकी २ येते. तिच्या घातांचं चक्र १२८ लांबीचं, म्हणून प ही १२८क + १ या रूपाची. आता ६४१ पर्यंत दोनच मूळ उमेदवार उरतात, २५७ आणि ६४१.

६४१ खरोखर भागतो हे तर भागाकार न करताही दाखवता येतं. ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ (६२५ + १६). पहिल्या रूपावरून ५ × २^७ ची बाकी −१, म्हणून चौथा घात केल्यावर ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या रूपावरून ५^४ च्या जागी −२^४ चालतो. तो घातला की −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ची बाकी शून्य. विद्यार्थ्यांना बाक्यांचं अंकगणित कशासाठी शिकायचं असा प्रश्न पडला, की मी हीच सिद्धता फळ्यावर लिहितो.

दुसरा अवयव ६७००४१७ मूळ आहे हे कशावरून? तीच चाळणी इथेही लागू पडते, कारण या अवयवाचा प्रत्येक मूळ विभाजक आपल्या संख्येचाही विभाजक असणार. त्याचं वर्गमूळ सुमारे २५८८. तेवढ्यात १२८क + १ या रूपाच्या मूळ संख्या पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. बाक्या येतात १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ.

अवयव हातात आले की नेहमीची वर्गीकरणं भराभर उरकतात. दोन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार, म्हणून ही अर्धमूळ संख्या. कोणताही मूळ अवयव दोनदा आलेला नाही, म्हणून वर्गमुक्त. स्वतःला सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज १ + ६४१ + ६७००४१७ = ६७०१०५९. ती संख्येपेक्षा खूपच लहान, म्हणून न्यून संख्या. परिपूर्ण (ही बेरीज संख्येइतकीच) किंवा विपुल (बेरीज संख्येहून मोठी) असण्याचा प्रश्नच येत नाही. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा लागणार आहे.

यानंतरचा गुणधर्म माझ्या सर्वांत आवडीचा आहे. २^३२ + १ म्हणजे ६५५३६^२ + १^२, दोन वर्गांची बेरीज. ४ ने भागल्यावर बाकी १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, आणि ती मांडणी एकाच प्रकारे होते. आपली संख्याही ४ ने भागल्यावर बाकी १ देते. तेव्हा तिची दुसरी मांडणी सापडली, तर ती संयुक्त आहे हे विभाजक माहीत नसतानाही सिद्ध होतं. आणि ती सापडते:

४२९४९६७२९७ = ६५५३६^२ + १^२ = ६२२६४^२ + २०४४९^२

ताळा करून पाहा: ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१. जाता जाता सांगतो, २०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे.

दुसरी मांडणी येते कुठून? ब्रह्मगुप्ताकडून. इ.स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात त्याने जी 'भावना' दिली, तिचा एक विशेष प्रकार असा: दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणलं, तर गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, आणि तो दोन प्रकारे लिहिता येतो.

(अ^२ + ब^२)(क^२ + ड^२) = (अक + बड)^२ + (अड − बक)^२ = (अक − बड)^२ + (अड + बक)^२

आपले दोन अवयव असे मांडता येतात: ६४१ = २५^२ + ४^२ आणि ६७००४१७ = २५५६^२ + ४०९^२. आता अक = २५ × २५५६ = ६३९००, बड = ४ × ४०९ = १६३६, अड = २५ × ४०९ = १०२२५, बक = ४ × २५५६ = १०२२४. पहिल्या सूत्राने ६३९०० + १६३६ = ६५५३६ आणि १०२२५ − १०२२४ = १. म्हणजे ६५५३६^२ + १^२, आपली मूळची मांडणी. दुसऱ्या सूत्राने ६२२६४ आणि २०४४९. ही आकडेमोड दरवेळी करताना १०२२५ आणि १०२२४ शेजारी शेजारी आलेले पाहून मला आनंदच होतो. ६४१ आणि ६७००४१७ या दोन संख्यांचं नातं त्या एका फरकात दिसतं.

हाच मार्ग उलटाही चालतो, आणि ती अवयव पाडण्याची एक जुनी, सुंदर पद्धत आहे. तिच्याशीही ऑयलरचंच नाव जोडलेलं आहे. दोन मांडण्या हातात आहेत असं समजा. ६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि २०४४९ − १ = २०४४८. या दोघांचा मसावि ८. भागून येतात ४०९ आणि २५५६. त्यांच्या वर्गांची बेरीज ६७००४१७. एक मसावि काढला आणि अवयव हातात आला! दुसरी मांडणी शोधणं सोपं नसतं हे खरं. पण 'दोन मांडण्या' आणि 'दोन अवयव' या एकाच गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी मोठी संख्या मला तरी दुसरी माहीत नाही.

आता त्या दोन प्रोग्रॅमांकडे येऊ. मोठी संख्या मूळ आहे का हे पाहण्याची झटपट चाचणी फर्माच्या छोट्या सिद्धांतावर चालते. म ही संख्या मूळ असेल, तर तिच्याशी सहमूळ असा कोणताही पाया घ्या, त्याचा म − १ वा घात म ने भागल्यावर बाकी १ यायलाच हवी. १ नाही आली तर म नक्की संयुक्त. १ आली तर 'बहुधा मूळ'. बरेच प्रोग्रॅम सोयीसाठी पाया २ घेतात. आपल्या संख्येत म − १ = २^३२. आधीच पाहिलं की २^६४ ची बाकी १ आहे, आणि २^३२ या प्रचंड घातांकाला ६४ ने निःशेष भाग जातो. म्हणून बाकी १ येणार हे आधीच ठरलेलं आहे. अधिक कडक समजली जाणारी मिलर–राबिन चाचणीसुद्धा पाया २ घेतला तर इथे फसते, कारण वर्ग करत जाताना −१ ही बाकी वाटेत येतेच. अशा संख्यांना छद्ममूळ म्हणतात. प्रत्येक फर्मा संख्या पाया २ ची चाचणी पार करते, मग ती मूळ असो वा संयुक्त. २ मधूनच बनलेल्या संख्येची परीक्षा २ ने घेण्यात अर्थ नाही.

पाया ३ घ्या, चित्र पालटतं. १८७७ मध्ये पेपँने फर्मा संख्यांसाठी नेमकी कसोटी दिली: ३ च्या (म − १)/२ व्या घाताची बाकी −१ आली तरच म मूळ, एरवी संयुक्त. इथे 'बहुधा'ला जागाच नाही. आपल्या संख्येसाठी ३ च्या २^३१ व्या घाताची बाकी १०३२४३०३ येते. −१ यायची तर ती ४२९४९६७२९६ असायला हवी होती. पुन्हा वर्ग केला की बाकी ३०२९०२६१६०, म्हणजे पाया ३ ची साधी फर्मा चाचणीही संख्येला नापास करते. दुसऱ्या प्रोग्रॅमचं उत्तर बरोबर होतं.

मग ही कारमायकेल संख्या आहे का, म्हणजे सगळ्याच सहमूळ पायांना फसवणारी? नाही. त्यासाठी प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करून येणाऱ्या संख्येने म − १ ला निःशेष भाग जावा लागतो. ६४१ − १ = ६४० = २^७ × ५, आणि २^३२ मध्ये ५ कुठून येणार? फसणारे पाया किती आहेत तेही मोजता येतं. प्रत्येक अवयवासाठी म − १ आणि (अवयव − १) यांचा मसावि घ्यायचा आणि गुणायचा. ६७००४१६ = २^७ × ३ × १७४४९, म्हणून दोन्ही मसावि १२८, गुणाकार १६३८४. सहमूळ पाया ४२८८२६६२४० होते. भागाकार नेमका २६१७३५. दर २,६१,७३५ सहमूळ पायांमागे फक्त एक पाया फसतो, आणि सवयीने निवडला जाणारा २ नेमका त्यांतलाच. पाया यदृच्छेने निवडला असता तर ही अडचण जवळपास कधीच आली नसती.

स्वतः प्रोग्रॅम लिहून पाहणार असाल तर एक सावधगिरी बाळगा. ३२ बिटांच्या चिन्हविरहित पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४२९४९६७२९५ आहे. आपली संख्या तिच्याहून २ ने मोठी, त्यामुळे ती तिथे साठवली तर १ होऊन बसते, तीही कोणतीही तक्रार न येता. ६४ बिट घेतले तरी एक खाच राहते. −१ ही बाकी म्हणजे २^३२. तिचा वर्ग २^६४, आणि ६४ बिटांची मर्यादा २^६४ − १. नेमका एकाने उतू जातो आणि उत्तर १ ऐवजी शून्य येतं. पाया २ ची चाचणी करताना हीच बाकी येते, म्हणून ही चूक कधीतरी घडेल असं नाही, ती दरवेळी घडते. तेव्हा १२८ बिटांचा गुणाकार किंवा अमर्याद पूर्णांक देणारी भाषा वापरा. पायथॉनमध्ये ही काळजी नसते; घात काढणारं पॉव (pow) हे फंक्शन तीन मानं देऊन वापरलं तर थेट बाकीच काढून देतं.

वर उल्लेख आलेली ४२९४९६७२९५ ही शेजारीण दोन वाक्यांत संपवण्यासारखी नाही. ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ हा गुणाकार करून पाहा, तीच येते. नियमच असा आहे की आधीच्या सगळ्या फर्मा संख्यांचा गुणाकार पुढच्या फर्मा संख्येपेक्षा २ ने कमी असतो. यावरून कोणत्याही दोन फर्मा संख्या सहमूळ ठरतात: सामाईक विभाजक असलाच तर त्याने २ ला भाग जायला हवा, पण त्या सगळ्या विषम. वर २५७ ने भागताना बाकी २ आली ती याचमुळे. शिवाय, प्रत्येक फर्मा संख्येचा एक तरी नवा मूळ अवयव असणारच, म्हणून मूळ संख्या अनंत आहेत, याची ही युक्लिडहून वेगळी सिद्धता झाली.

भूमितीतही या दोन शेजारणींचं वागणं अगदी वेगळं आहे. गाऊसने १७९६ मध्ये दाखवलं की सुसम सतराकोन फक्त पट्टी आणि कंपास वापरून काढता येतो. पुढे नियम असा स्पष्ट झाला, आणि त्याची उलट बाजू १८३७ मध्ये वाँत्झेलने सिद्ध केली: बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकारच असावी लागते. ४२९४९६७२९५ बाजूंचा सुसम बहुभुज तत्त्वतः काढता येतो. विषम बाजूंचे असे ३१ बहुभुज माहीत आहेत आणि त्यांतला हा सर्वांत मोठा. ४२९४९६७२९७ बाजूंचा मात्र काढता येत नाही, कारण ६४० मधला तोच ५ इथेही आडवा येतो. फर्मा म्हणाला तशी ही संख्या मूळ असती, तर तिचाही बहुभुज काढता आला असता.

हातात वेळ असेल तर यापुढची फर्मा संख्या, २^६४ + १, घेऊन बसा. तिथे विभाजक २५६क + १ या रूपाचे असतात, आणि सर्वांत लहान विभाजक २७४१७७ = २५६ × १०७१ + १ आहे. १८८० मध्ये लांद्रीने तिचे अवयव प्रसिद्ध केले तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सगळ्या फर्मा संख्या संयुक्त ठरल्या आहेत, मात्र पूर्ण अवयव फक्त अकराव्यापर्यंतच्यांचे माहीत आहेत. विसावी आणि चोविसावी संयुक्त असल्याचं सिद्ध झालं आहे, तरी त्यांचा एकही विभाजक कोणाला सापडलेला नाही. तेहतिसावी मूळ आहे की संयुक्त हे अजून ठरलेलं नाही. तिच्यात अडीचशे कोटींहून अधिक अंक आहेत, आणि तिचा विभाजक असलाच तर तो २^३५ × क + १ या रूपाचाच असणार.